मथळा वाचला, डबी कचऱ्यात

आमच्या सासऱ्यांना साखरेचा त्रास. चहात टाकायच्या गोड गोळ्यांची डबी त्यांनी परवा कचऱ्यात फेकली, कारण त्या गोडव्याने कॅन्सर होतो अशा अर्थाचा मथळा पेपरात होता. मी डबी काढून पाहिली: एका गोळीत 18 मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 2बी गटात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गोष्टींच्या यादीत टाकले, हे खरे. पण तो गट पुरावा किती ठोस आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोज वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा कायम ठेवली. साठ किलोच्या माणसाला 2,400! हे बातमीत शेवटच्या ओळीतही नव्हते.

उन्हाळ्यात पेपरांचे तेच. मोबाइलवरचा 'जाणवणारा' (अंगाला किती गरम वाटते तो) आकडा शहराचे तापमान म्हणून छापायचा. हवामान खात्याची शिवाजीनगरची वेधशाळा आहे कशाला?

कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही 2बी गटातच आहे. सासरे रोज सकाळी कोरफडीचा रस घेतात. तो चालू आहे.

– एक वाचक, कोथरूड, पुणे