डिस्क आधी काढून ठेव

चि. अथर्व,
अनेक आशीर्वाद.

घरच्या फोटोंची ती १ टीबीची पोर्टेबल डिस्क लावली की फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, आणि विंडोज मधूनच ‘फॉरमॅट करायची का?’ विचारतं, असं तू म्हणालास. नाही म्हण आणि डिस्क काढून ठेव. ‘एकदा चेक-डिस्क मारून बघतो’ हेही नको. चेक-डिस्क फोटो वाचवायला नसतंच मुळी. ते फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवतं, जुळत नाहीत त्या नोंदी छाटून टाकतं आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितं. फोल्डर उघडून एकेक फोटो ओढून घेणंही महागात पडतं, कारण हेडला (तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या सुईसारख्या भागाला) जागोजाग उड्या माराव्या लागतात आणि खराब जागी विंडोज पुन्हापुन्हा डोकं आपटत बसतं.

आता कान लावून ऐक. डिस्क एकसारखी मंद घरघरत असेल तर पुढचं सगळं घरी जमण्यासारखं आहे. ठरावीक अंतराने टक-टक होऊन ती थांबत असेल, किंवा नुसती बारीक चुंई करून फिरतच नसेल, तर बहुधा हेड गेलंय किंवा तबकडीला चिकटलंय. तसं असेल तर पुन्हा करंट देऊ नकोस, थेट डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये ने. हेड तबकडीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं आणि धुळीचा साधा कण त्या फटीच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे काउंटरवरच स्क्रू काढायला घेणाऱ्या दुकानात डिस्क सोडू नकोस. स्वच्छ खोली आहे का आणि काहीच निघालं नाही तर किती पैसे घेणार, एवढं आधी विचार. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा जुना तोडगा कुणी सांगेल. आपल्या दमट हवेत बाहेर काढल्याबरोबर तिला आतून घाम फुटेल. तशाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून बसवणंही हल्ली चालत नाही, कारण बोर्डावरच्या रॉममध्ये त्याच एका डिस्कची मापं लिहिलेली असतात.

आवाज ठीक असेल तर आधी केबल बदल. हसू नकोस. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) १९९ क्रमांकाची ओळ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. ५, १९७ आणि १९८ या ओळींत शून्याऐवजी आकडे दिसले तर दोष तबकडीचा. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचे राहिलेले सेक्टर (तबकडीवरचे छोटे कप्पे). पोर्टेबल डिस्कचा रिपोर्ट येत नसेल तर तो वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल प्रोग्रामला ‘सॅट’ हा प्रकार सांगावा लागतो.

सामान तीनच वस्तूंचं: सिस्टीमरेस्क्यू (विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) घातलेला ८ जीबीचा पेनड्राइव्ह, २ टीबीची नवी डिस्क आणि चार्जरला लावलेला लॅपटॉप. नवी डिस्क मोठी हवी, कारण तिच्यावर जुनीची पूर्ण प्रत आणि त्यातून काढलेले फोटो दोन्ही मावायला हवेत. ती एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट कर. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. जुनी डिस्क गादीवर नको, टेबलावर सपाट ठेव, पंखा तिच्याकडे वळव, आणि फिरत असताना हलवू नकोस. तापमान ४५ अंशांच्या वर गेलं तर थांबून गार होऊ दे.

प्रत करायची सिस्टीमरेस्क्यूमधल्या डीडीरेस्क्यू प्रोग्रामने. आज्ञेच्या ओळी इंग्रजीत वेगळ्या पाठवल्या आहेत, इथे फक्त त्यांतल्या खाचाखोचा सांगते. आधी मूळ डिस्कचं नाव, मग प्रतीचं, मग मॅप फाइलचं (कुठवर वाचलं याची नोंद). पहिली दोन उलटली तर जुन्या डिस्कवरच लिहिलं जाईल. एलएसबीएलके या आज्ञेने येणाऱ्या डिस्कच्या यादीत १ टीबीची डिस्क ९३१.५ जी आणि २ टीबीची १.८ टी अशी दिसते, त्यावरून ओळख. मधेच डिस्क निसटली आणि पुन्हा लावलीस तर तिचं नाव एसडीबीचं एसडीसी झालेलं असू शकतं, म्हणून दर वेळी यादी बघ.

मॅप फाइल नव्या डिस्कवरच ठेव. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स मेमरीत राहतं. मॅप तिथे ठेवलास आणि लॅपटॉप बंद पडला, तर कुठवर वाचलं याचा पत्ताच उरत नाही. मॅप जागेवर असेल तर तीच आज्ञा पुन्हा दे, काम राहिलं तिथून पुढे सुरू होईल.

पहिली फेरी ‘एन’ स्विच लावून. यात डीडीरेस्क्यू सोपं सोपं वाचून घेतं, अडलं की उडी मारून पुढे जातं. धडधाकट डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने तीन तासांच्या आत संपेल. आजारी डिस्क मधेच काही केबीवर घसरते, दिवसचे दिवस लागू शकतात. मॅप उघडलास तर ओळींच्या शेवटी खुणा दिसतील: अधिक म्हणजे वाचलं, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून हातच लावला नाही, तारा आणि तिरपी रेघ म्हणजे कडेकडेने उकरायचं बाकी, वजा म्हणजे सेक्टर गेला. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढ आणि ‘आर ३’ दे, म्हणजे उरलेल्या जागी तीन वेळा प्रयत्न होईल. शंभर वेळा करायला लावू नकोस. चार फोटोंपायी हेड जायचं.

दुसरी फेरी संपली की जुनी डिस्क काढ, पुढचं सगळं प्रतीवर. आधी टेस्टडिस्क प्रोग्रामने प्रत उघडून फाइलींची यादी बघ. फोल्डर नावांसकट दिसले तर तसेच कॉपी कर, हे सर्वांत चांगलं. नावांची नोंदच वाचता आली नाही, तरच फोटोरेक वापर. ते जेपीईजीच्या सुरुवातीचे ठरलेले बाइट शोधून फाइली उचलतं, त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात. फाइल प्रकारांत आधी सगळ्या खुणा काढून फक्त जेपीजी आणि एमओव्ही ठेव (एमपी४ त्यातच येतं), नाहीतर इंटरनेटचा कचराही हजारोंनी निघेल. ‘टी’ने सुरू होणाऱ्या फाइली म्हणजे छोटी थंबनेल चित्रं. मूळ फोटो निघाले आहेत याची खात्री झाल्याशिवाय ती पुसू नकोस. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचा एखादा फोटो अर्ध्यावरून खाली नुसता राखाडी निघाला, तर त्याचं पूर्ण चित्र बोटभर आकारात त्या थंबनेलमध्ये असतं. कॅमेरा ते फाइलच्या सुरुवातीलाच ठेवतो.

नावं नसली तरी तारीख एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलीतच लिहिलेल्या माहितीत) असते. एक्झिफटूल तिच्यावरून सगळ्या फाइलींना नावं देऊन वर्ष-महिन्याच्या फोल्डरांत लावून टाकतं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंत एक्झिफ नसतं. त्यांची तारीख मूळ नावातच असायची, फोटोरेकमधून आले तर तीही गेली.

कुठल्या फाइली फाटल्या हे डोळ्यांनी शोधत बसू नकोस. न वाचलेल्या जागांत खुणेचा एखादा शब्द भरायची सोय डीडीरेस्क्यूत आहे. तो शब्द ज्या फाइलींत सापडेल त्या फाटलेल्या. त्यांची यादी मला पाठव. मावशीकडे आणि पुण्याच्या काकांकडे त्यांतले निम्मे तरी असतील, फक्त ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, म्हणजे ते आणखी दाबले जाणार नाहीत.

जेवण वेळेवर घे.

तुझी,
आई