मुक्ताची पहिली नोकरी

एडिसन, न्यू जर्सी
25 मे 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर तुमच्या नातीच्या, मुक्ताच्या, आइस्क्रीमच्या दुकानातल्या नोकरीचा विषय निघाला तेव्हा बाबा एवढेच म्हणाले, "घरात काही कमी आहे का?" आणि त्यांनी फोन आईच्या हाती दिला. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. घरात काही कमी नाही, आणि नोकरी कर असे आम्ही तिला सांगितलेलेही नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी उन्हाळ्यासाठी काम शोधायला घेतले, तसे तिनेही घेतले. मात्र काम मिळण्याआधीचे दोन महिने मी जवळून पाहिले, आणि काउंटरमागे उभे राहून ती जे शिकेल त्याहून अधिक त्या अर्जांच्या खटपटीत शिकली, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात रेझ्युमेपासून झाली. बाबा, तुम्ही व्हॉट्सॲपवर जो नमुना पाठवलात त्यात वडिलांचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, धर्म आणि उजव्या कोपऱ्यात फोटो, असे सगळे होते. इथे यातले काहीही लिहीत नाहीत. वय, धर्म किंवा वंश पाहून डावलले असा आरोप येऊ नये म्हणून मालकांनाच ती माहिती आधी नको असते. एका पानात नाव, फोन, ई-मेल, शाळा आणि आजवर काय केले, एवढे मांडायचे. पण पंधराव्या वर्षी माणसाने केलेले काय असणार? स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी तासभर बसून मुक्ताने 'मराठी मंडळाच्या गणपतीत मदत केली' अशी एक ओळ लिहिली आणि ती उठली. नेमकी कसली मदत, असे मी खोदून विचारले तेव्हा कळले, की पंगतीतल्या दोन रांगा, म्हणजे शंभरेक पाने, तिच्याकडे होती, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना वेगळे बसवून त्यांना आधी वाढायचे, ही कल्पनाही तिचीच होती. मग ती ओळ तिने चारदा खोडून पुन्हा लिहिली. स्वतःबद्दल फुशारकी न मारता आणि उगाच संकोचही न करता खरे तेवढे लिहिणे किती अवघड असते, हे मला स्वतःला पहिल्या नोकरीच्या वेळी कोणी शिकवले नव्हते.

त्यानंतर तिने अकरा ठिकाणी अर्ज केले. एका मोठ्या किराणा दुकानाच्या ऑनलाइन अर्जात पिशव्या भरण्याच्या कामासाठी स्वभावाची परीक्षा घेणारे साठ प्रश्न होते. ते सोडवून तिने अर्ज पाठवला आणि आजतागायत होय-नाही काहीच आलेले नाही. साताऱ्याच्या रोजगार विनिमय केंद्राच्या कार्डाचे नूतनीकरण करून तुम्ही वर्षानुवर्षे कॉलची वाट पाहिलीत, त्याची मला तेव्हा आठवण झाली. आठवडाभराने आपणच फोन करून, अर्ज पोहोचला का, एवढे विचारायचे असते, हे तिला शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सांगितले. या मुलांना फोन करण्याची भारी भीती! गॅलरीत जाऊन, दार लावून, काय बोलायचे ते कागदावर लिहून तिने पहिला फोन केला, आणि समोरच्याने "मॅनेजर नाहीत" म्हटल्यावर पुढचे वाक्य कागदावर नसल्याने ती नुसतीच "थँक यू" म्हणून मोकळी झाली. दुसऱ्या फोनला मात्र मॅनेजर केव्हा भेटतील, हेही तिने विचारले.

बाबा, ओळखीचा मुद्दाही लिहून टाकते. इथे वशिला चालत नाही असे मी म्हणणार नाही. आइस्क्रीमच्या दुकानात जागा होणार असल्याचे तिला मैत्रिणीच्या मोठ्या भावाकडून कळले, कारण तोच कॉलेजसाठी ती नोकरी सोडत होता. पण संदर्भ म्हणून दोन नावे द्यायची ती नात्यातली चालत नाहीत, आणि देण्याआधी त्या व्यक्तींची परवानगी घ्यावी लागते. तिने गणिताच्या शिक्षकांना आणि पोहण्याच्या प्रशिक्षकांना स्वतः जाऊन विचारले.

मुलाखतीच्या दिवशी मी तिला सोडले आणि गाडीतच बसून राहिले, कारण आई बरोबर आत आली की उमेदवाराची किंमत तिथेच घसरते. पहिला प्रश्न होता, कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत येता येईल. आदल्या रात्री ती "कधीही" असे सांगणार होती, पण आम्ही दोघींनी परीक्षा आणि पोहण्याचा सराव मांडून वेळापत्रक केले होते, तेच तिने सांगितले. दुसरा प्रश्न, चिडलेल्या गिऱ्हाइकाला कशी सांभाळशील. तिने पंगतीत श्रीखंड संपल्यावर रागावलेल्या एका आजोबांची गोष्ट सांगितली: आधी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, मग आत जाऊन खरोखरच संपले आहे का ते पाहिले, आणि येताना त्यांच्यासाठी दोन जिलब्या आणल्या. मॅनेजरबाई हसल्या म्हणे.

आई, तुझी काळजी रात्रीची आहे. सोळा वर्षांखालील मुलांना शाळेच्या दिवशी तीन तासांपेक्षा जास्त आणि शाळेच्या आठवड्यात अठरा तासांपेक्षा जास्त कामावर ठेवता येत नाही, आणि संध्याकाळी सातला त्यांना सोडावेच लागते. फक्त उन्हाळी सुट्टीत, सप्टेंबरातल्या लेबर डेपर्यंत, ती वेळ नऊपर्यंत जाते. शिवाय न्यू जर्सीत अठरा वर्षांखालील प्रत्येकाला कामाचा परवाना लागतो. पूर्वी त्यासाठी शाळेत कागद फिरवावे लागत, 2023 पासून ते सगळे ऑनलाइन झाले आहे: मालक नोंदणी करून एक कोड देतो, तो घालून मुलगी अर्ज भरते आणि पालकाला ई-मेल येतो.

एक गोष्ट मनाला लागली. मुक्ताबरोबर पोहणारी पुण्याची मुलगी तिच्याहून चुणचुणीत आहे, तिचा रेझ्युमेही उत्तम झाला होता. पण ती वडिलांच्या नोकरीमुळे एच-4 व्हिसावर आहे आणि त्या व्हिसावरच्या मुलांना पगारी काम करायची मुळीच परवानगी नाही, अगदी आइस्क्रीमच्या दुकानातही नाही. अर्ज अर्धा भरून झाल्यावर तिला हे कळले. आता ती गावच्या वाचनालयात विनावेतन मदतनीस आहे. त्यासाठीही अर्ज आणि मुलाखत झालीच, हे तिच्या आईने मला सांगितले, पण सांगताना तिचा आवाज उतरला होता.

परवा मुक्ताचा पहिला पगार झाला. यंदा, म्हणजे 2025 मध्ये, इथे ताशी किमान वेतन 15.49 डॉलर आहे, लहान आणि हंगामी दुकानांत याहून थोडे कमी. तास गुणिले दर असा हिशोब तिने आधीच करून ठेवला होता, तो जुळेना. म्हातारपणच्या पेन्शनसाठी सोशल सिक्युरिटीचे 6.2 टक्के आणि वृद्धांच्या आरोग्यविम्यासाठी मेडिकेअरचे 1.45 टक्के पगारातूनच कापले जातात हे समजावल्यावर, "म्हणजे मी आत्तापासून म्हाताऱ्या माणसांसाठी पैसे भरते?" असे तिने विचारले. याचे उत्तर तिला आजोबांनी द्यावे अशी माझी इच्छा आहे. मात्र रविवारी इथल्या दुपारी बारा वाजता ती कामावर जाते, तेव्हा तुमचा रात्री साडेनऊचा फोन यापुढे साडेसातला करावा.

तुमची,
वैशाली