केळवण जाहीर, जोडीदार मात्र ‘मावसभाऊ’

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीवरील समलिंगी कलाकारांविषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. कायदा बदलूनही ही मंडळी अजून गप्प का, असा लेखाचा सूर होता. त्यावर आलेल्या दोन पत्रांत ‘खासगी बाब खासगीच राहू द्यावी, गवगवा कशाला?’ असे म्हटले होते. मी अठरा वर्षे मराठी व हिंदी मालिका करणाऱ्या निर्मितीसंस्थांमध्ये हिशेबाचे काम केले. कलाकारांचे करारनामे, हजेरीपत्रके आणि बिले माझ्या टेबलावरून जात असत आणि त्या टेबलावरून जे दिसले, त्यावरून मला हे दोन्ही सूर चुकलेले वाटतात.

आधी खासगीपणाविषयी. एखाद्या नायिकेचे लग्न ठरले की सेटवर केळवण होते, ताटाभोवती रांगोळी काढली जाते, सहकलाकार आग्रह करकरून तिला उखाणा घ्यायला लावतात, आणि त्याचा व्हिडिओ त्याच संध्याकाळी समाजमाध्यमांवर व दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकतो. याला कोणी गवगवा म्हणत नाही. नायक-नायिकेची जोडी पडद्याबाहेरही जमली आहे की काय, ही कुजबुज तर पुष्कळदा प्रसिद्धी विभागातूनच सोडली जाते, कारण गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांना तिचा हातभार लागेल अशी आशा असते. म्हणजे कलाकाराचे घरगुती आयुष्य हा या धंद्यातला विकाऊ मालच आहे. खासगीपणाचे व्रत फक्त समलिंगी कलाकारानेच पाळावे, अशी अपेक्षा मग कोणत्या तोंडाने करायची?

आमच्याकडे नव्या कलाकाराकडून एक माहितीचा कागद भरून घेत. अपघात झाल्यास कोणाला कळवायचे, नाव, फोन आणि नाते. एका गुणी नटाने त्यात एका पुरुषाचे नाव लिहून नात्याच्या रकान्यात ‘मावसभाऊ’ लिहिले होते. चुलतभाऊ लिहिले असते तर आडनाव जुळावे लागले असते, हे त्याने आधीच हेरले असणार. ते दोघे कितीतरी वर्षे एकत्र राहत होते हे मेकअप रूमपासून स्पॉटदादांपर्यंत सर्वांना ठाऊक होते आणि कोणाचेही त्यामुळे अडत नव्हते. पुढे एका सदरात नाव न घेता, पण मालिका आणि भूमिका ओळखू येईल अशा बेताने, ‘हा नायक कोणासोबत राहतो बरे?’ असा मजकूर छापून आला. दोन महिन्यांत कथानकातल्या नायकाला परदेशी नोकरी लागली. त्याला काढले असे कोणीही म्हणाले नाही, आणि कागदावर तसे काही नव्हतेही.

कागदावर काही असावे लागतच नाही, ही यातली मेख आहे. मालिकेतला कलाकार महिन्याच्या पगारावर नसतो. तो ‘पर डे’ काम करतो, पैसे अनेकदा नव्वद दिवसांनी मिळतात, आणि महिन्याला किती दिवस बोलवायचे हे ट्रॅक, म्हणजे कथानकातला त्याचा धागा, ठरवतो. ट्रॅक आटवला की माणूस आपोआप आटतो. शिवाय बऱ्याच जणांची खरी कमाई सुपाऱ्यांची, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमांना हजेरी लावण्याची, असते: दहीहंडी, नवरात्र, सराफाच्या दुकानाचे उद्घाटन, नगरसेवकाने भरवलेले हळदीकुंकू. ‘आदर्श सून’ म्हणून लोकप्रिय झालेल्या अभिनेत्रीला या सुपाऱ्या त्या सुनेच्याच प्रतिमेवर मिळतात. ती एका मैत्रिणीसोबत राहते याचा पुरुष नटाइतका बोभाटा होत नाही हे खरे, पण तिशी ओलांडली की प्रत्येक मुलाखतीत ‘लग्न कधी?’ हा प्रश्न ठरलेला असतो, आणि ‘योग्य माणूस भेटला की’ हे हसून द्यायचे उत्तरही. त्या उत्तराची किंमत काय, हे त्या मैत्रिणीला विचारावे.

आता कायदा बदलला म्हणजे नेमके काय झाले? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवताना लैंगिक कल त्याचाच भाग मानला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींचे संमतीने असलेले समलिंगी संबंध त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७च्या कक्षेतून वगळले. अटकेची भीती गेली, हे मोठेच झाले. पण तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीतील भेदभावाविरुद्ध २०१९च्या कायद्याचा जसा आधार आहे, तसा खासगी आस्थापनेतील गे किंवा लेस्बियन व्यक्तीला देणारा स्वतंत्र कायदा नाही, आणि विवाहाला मान्यता द्यायला न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला. तेव्हा ‘आता कसली भीती?’ हा प्रश्न निदान ज्यांचे पोट पर डेवर नाही त्यांनी तरी विचारू नये.

लेखात अमेरिकेचा दाखला होता. विनोदी अभिनेत्री एलेन डिजेनेरसने एप्रिल १९९७ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरून आपण समलिंगी असल्याचे सांगितले, हे लेखकाने लिहिले. तिची मालिका पुढच्याच वर्षी बंद झाली, हे राहून गेले. अभिनेता नील पॅट्रिक हॅरिसने २००६ साली तेच सांगितले, तेव्हा तो एका विनोदी मालिकेत बायकांच्या मागे लागणाऱ्या रंगेल तरुणाची भूमिका करत होता. ती भूमिका २०१४ पर्यंत, मालिका संपेपर्यंत, त्याच्याकडेच राहिली आणि प्रेक्षकांनी ती आवडीने पाहिली. मधल्या नऊ वर्षांत तिथले वारे बदलले असतीलही, पण निर्मात्यांनी नट बदलला नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

‘आपला प्रेक्षक स्वीकारणार नाही’ हे वाक्य मी मीटिंगमध्ये असंख्य वेळा ऐकले आहे, आणि ते म्हणणाऱ्यांनी प्रेक्षकाला कधी विचारल्याचे मला आठवत नाही. बालगंधर्व पुरुष आहेत हे ठाऊक असूनही ज्यांच्या पणज्यांनी त्यांच्यासारखी साडी नेसायची हौस केली, त्या मराठी प्रेक्षकाला नट आणि भूमिका यांतला फरक कळत नाही, हे मी कसे मानावे? घाबरतो तो जाहिरातदार, त्याला घाबरते वाहिनी, वाहिनीला निर्माता. आणि नाव मात्र डोंबिवलीच्या काकूंचे पुढे केले जाते.

म्हणून जाहीरपणे सांगायचे की नाही, हे त्या त्या कलाकारावरच सोडावे. एखादा सांगेल, एखादी आई-वडिलांसाठी थांबेल, कोणी कधीच सांगणार नाही. यात शूर आणि भित्रे अशी प्रतवारी लावण्याचा अधिकार घरी बसून मालिका पाहणाऱ्या आपल्याला नाही. प्रश्न विचारायचाच असेल तर आपल्या वार्ताहरांनी तो निर्मात्यांना आणि वाहिन्यांना विचारावा: उद्या तुमच्या नायकाने हे सांगितले तर त्याचे महिन्याचे दिवस तेवढेच राहतील, असे करारात लिहून द्याल का? उत्तरे नावानिशी छापावीत. आणि आपल्या शुक्रवारच्या पानावर ‘ओळखा पाहू कोण’ या थाटाचे जे सदर येते, ते कृपया बंद करावे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
गोरेगाव (पूर्व), मुंबई