रणगाडा टिकला, पण आतल्या माणसांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अणुयुद्धाची चर्चा निघाली की रणगाडे अणुस्फोटातही टिकतात असे विधान हमखास केले जाते आणि पुरावा म्हणून ऑस्ट्रेलियातील एका सेंच्युरियन रणगाड्याचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. मात्र तो नेहमी अर्धाच सांगितला जातो, म्हणून हे पत्र.

15 ऑक्टोबर 1953 रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील एमू फील्ड येथे ब्रिटनने ‘टोटेम 1’ ही सुमारे 10 किलोटन (म्हणजे 10 हजार टन टीएनटी स्फोटकाएवढ्या) क्षमतेची अणुचाचणी केली. स्फोटस्थानापासून साडेचारशे मीटरच्या आसपास एक सेंच्युरियन रणगाडा इंजिन चालू ठेवून उभा केला होता. स्फोटानंतर तो दीडएक मीटर मागे सरकलेला आढळला. त्याचे इंजिन बंद पडले होते, पण ते इंधन संपल्यामुळे. अँटेना नाहीशा झाल्या होत्या, पेरिस्कोपच्या काचा वाळूच्या माऱ्याने खरवडून निघाल्या होत्या, तोफेच्या मुळाशी असलेले कापडी आवरण जळून गेले होते आणि बाजूचे चिलखती पत्रे उखडून 180 मीटरपर्यंत फेकले गेले होते. तरीही तो रणगाडा चालवतच तेथून बाहेर काढता आला आणि पुढे व्हिएतनामच्या युद्धातही वापरला गेला.

याचे कारण समजण्यासारखे आहे. पन्नास टनांच्या ठेंगण्या, जाड पोलादी धुडाला आघातलहर सहज उलथवू शकत नाही, आणि उष्णतेचा झोत इतका अल्पकाळ टिकतो की जाड पोलाद आतपर्यंत तापत नाही. जे पातळ, बाहेर आलेले किंवा ज्वलनशील असते तेच जाते. परंतु त्या रणगाड्यात माणसे असती तर ती आघातलहरीनेच बहुधा दगावली असती, असे तपासणीतून दिसले. त्यातून कोणी वाचलेच असते, तरी प्रारणांपासून, म्हणजे स्फोटातून निघणाऱ्या भेदक किरणांपासून, सुटका नव्हती. पोलाद गॅमा किरणांना बऱ्याच अंशी अडवते, पण न्यूट्रॉनना अडवायला हायड्रोजनयुक्त हलके पदार्थ लागतात. म्हणूनच सोव्हिएत अभियंत्यांनी टी-72 सारख्या रणगाड्यांत आतून पॉलिमरचे अस्तर बसवले. गाळलेली हवा आत भरून दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवण्याची यंत्रणाही असते. ती किरणोत्सारी धूळ बाहेर ठेवते, मात्र स्फोटाच्या क्षणी येणाऱ्या किरणांवर तिचा काही उपाय चालत नाही.

आणखी एक बाजू तर बहुधा सांगितलीच जात नाही. त्याच चाचणीनंतर वलाटिना आणि वेलबर्न हिल येथील आदिवासींनी काळे धुके आपल्या वस्तीवरून गेल्याचे सांगितले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (सरकारी चौकशी आयोगाने) 1985 मध्ये स्पष्ट म्हटले की वाऱ्याची स्थिती अनुकूल नसताना हा स्फोट करण्यात आला आणि तेथे राहणाऱ्या लोकांचा विचार केला गेला नव्हता. पोलादाची इतकी बारकाईने पाहणी करणाऱ्यांना वस्तीतली माणसे दिसू नयेत, हे मला अतिशय गंभीर वाटते.

1953 चा निष्कर्ष आजच्या रणगाड्याला जसाच्या तसा लावताही येत नाही. त्या सेंच्युरियनमध्ये बिघडण्यासारखी इलेक्ट्रॉनिक सामग्री फारच थोडी होती. आजचा रणगाडा संगणक, औष्णिक दुर्बीण आणि लेझर अंतरमापक यांच्या बळावर नेम धरतो. अर्धवाहकांपासून (सेमीकंडक्टर) बनलेली ही सामग्री न्यूट्रॉनमुळे आणि विद्युतचुंबकीय स्पंदामुळे, म्हणजे अणुस्फोटातून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींच्या क्षणिक तीव्र झटक्यामुळे, निकामी होऊ शकते. 9 जुलै 1962 रोजी अमेरिकेने 400 किलोमीटर उंचीवर केलेल्या ‘स्टारफिश प्राइम’ स्फोटाने सुमारे 1,400 किलोमीटर दूरच्या हवाईमध्ये अशाच स्पंदामुळे रस्त्यांवरचे काही दिवे बंद पडले होते. अशा आघातात चिलखताला ओरखडाही न येता रणगाडा आंधळा होऊ शकतो.

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन पाहायला मिळतो. भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स रेजिमेंटने 1965 आणि 1971 च्या युद्धांत हेच रणगाडे रणात उतरवले होते, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी आदर असणे स्वाभाविक आहे आणि तो मलाही आहे. म्हणूनच आपणांस विनंती अशी की, एखादे वाहन अणुस्फोटात तगून राहते असे वृत्त देताना स्फोटाची क्षमता, त्यापासूनचे अंतर आणि आतील माणसांची अपेक्षित अवस्था या तिन्ही गोष्टी द्याव्यात. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये आण्विक, जैविक आणि रासायनिक संरक्षणाचे प्रशिक्षण दिले जाते. तेथे शिकवलेल्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याकडून या विषयावर, गोपनीयतेला बाध न आणता, आपल्या रविवार पुरवणीसाठी सविस्तर लेख लिहून घेता आला तर फार बरे होईल.

आपला,
एक नियमित वाचक, अहिल्यानगर