गीगर यांना केवळ दुःस्वप्नांचे चित्रकार ठरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विज्ञानपटांतील अक्राळविक्राळ प्राण्यांवर आलेला लेख आवडीने वाचला. त्यात ‘एलियन’ या विज्ञानपटातल्या प्राण्याचे रचनाकार, स्वीस कलावंत एच. आर. गीगर यांचा उल्लेख भीतिदायक स्वप्ने रंगवणारा एक विक्षिप्त चित्रकार, अशा अर्थाच्या एका वाक्यात उरकला आहे. गीगर यांना झोपेतून दचकवून उठवणारी स्वप्ने पडत आणि चित्र काढणे हा त्यावरचा त्यांचा उतारा होता, हे ते स्वतःच सांगत असत. पण वाईट स्वप्ने पुष्कळांना पडतात. त्यातला प्राणी चित्रपटाच्या सेटवर उभा राहावा, चालावा, त्याने जबडा उघडावा आणि चाळीसहून अधिक वर्षांनंतरही तो जुना वाटू नये, यासाठी डिझाइनचे पक्के शिक्षण आणि कमावलेला हात लागतो. उपयोजित कला शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे ही बाजू वाचकांपुढे मांडावीशी वाटते.

गीगर यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९४० रोजी आल्प्सच्या कुशीतल्या कूर या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते आणि मुलानेही तोच व्यवसाय धरावा अशी त्यांची इच्छा होती. मुलगा मात्र घरातल्या बोळात भुतांची रेल्वे उभारून शेजारच्या पोरांना तिच्यातून फिरवण्यात रमलेला असे. १९६२ मध्ये ते झुरिकला आले आणि तेथील उपयोजित कलांच्या शाळेत अंतर्गत सजावट व औद्योगिक डिझाइन शिकले. शिक्षण संपल्यावर काही काळ त्यांनी फर्निचर डिझाइनच्या क्षेत्रात नोकरी केली आणि १९६८ च्या सुमारास ते पूर्णवेळ कलेकडे वळले. त्यांच्याविषयी लिहिताना ही वर्षे बहुधा ओलांडून जाण्याची रीत आहे. माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे. ज्याने खुर्चीचा उभा छेद काढला आहे, वजन कुठे पडेल आणि सांधा कुठे येईल याचा हिशेब केला आहे, त्याने काढलेल्या राक्षसाच्या बरगड्यासुद्धा कुठून तरी निघतात आणि कुठे तरी जाऊन नीट टेकतात.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा म्हणजे १९६७ मधील त्यांचे ‘जन्मयंत्र’ हे चित्र. त्यात एका पिस्तुलाचा उभा छेद दाखवला आहे, आणि तोही यंत्राच्या माहितीपुस्तिकेत असावा तितक्या थंडपणे. फक्त काडतुसांच्या जागी गोल चष्मे घातलेली, अंग आखडून बसलेली अर्भके एकाखाली एक रचलेली आहेत. चित्रात रक्त नाही, कोणाच्या चेहऱ्यावर किंकाळी नाही. घोडा ओढला की पुढचे अर्भक नळीत सरकणार, एवढे मात्र पाहणाऱ्याला कळते आणि पोटात गोळा येतो. शीतयुद्धाच्या त्या काळात स्वित्झर्लंड अणुहल्ल्यापासून बचावासाठी तळघरे बांधत होते आणि गीगर ‘अणुबालके’ या नावाची विरूप देहांची रेखाटने करत होते. त्या पिढीची भीती शब्दांत सांगणारे अनेक झाले. तिचा तांत्रिक आराखडा काढून दाखवणारा मला तरी हा एकच ठाऊक आहे.

१९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी एअरब्रश हे रंगाचा बारीक फवारा मारणारे साधन हाती घेतले. संगणक येण्यापूर्वी हे साधन प्रामुख्याने जाहिरात आणि छपाईच्या धंद्यातले. छायाचित्रातले डाग घालवायचे, बाटलीवर किंवा मोटारीच्या पत्र्यावर चकाकी आणायची, ही त्याची कामे. अनेक चित्रकार त्याकडे जरा नाक मुरडूनच पाहत. गीगर मोठाल्या कागदांवर, पुष्कळदा आधी रेखाटन न करता, थेट फवारा मारत. त्यांनी पत्करलेला रंगही मोजका, राखाडी, तपकिरी आणि आजारी वाटणारा हिरवट. कुंचल्याचा फटकारा कुठेच दिसत नसल्याने समोरची नळी रबराची आहे की आतड्याची, पृष्ठभाग धातूचा आहे की ओल्या कातडीचा, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. हाड आणि यंत्र एकमेकांत वितळवणारी ही शैली ‘बायोमेकॅनिकल’ म्हणून प्रसिद्ध झाली. साल्वादोर दाली आणि व्हिएन्नाचे एर्न्स्ट फुक्स या चित्रकारांविषयी त्यांना आदर होता, पण दालींची घड्याळे मऊ पडून लोंबकळतात, तर गीगर यांच्या जगात मऊ गोष्टीच कठीण होत जातात.

चित्रपटाकडे ते आले ते दिग्दर्शक अलेहान्द्रो होदोरोव्स्की यांच्या ‘ड्यून’मुळे. होदोरोव्स्की यांचा तो चित्रपट झालाच नाही. मात्र त्या प्रकल्पातले सहकारी डॅन ओबॅनन यांनी पुढे ‘एलियन’ची पटकथा लिहिली आणि गीगर यांचे काम दिग्दर्शक रिडली स्कॉट यांच्यापुढे ठेवले. १९७६ च्या ‘नेक्रोनॉम ४’ या चित्रातली लांबट डोक्याची आकृती पाहून स्कॉट यांना आपला प्राणी सापडला. यानंतरचे काम मला विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याजोगे वाटते. गीगर यांनी नुसती चित्रे पाठवून दिली नाहीत. इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत ते स्वतः मुक्कामाला गेले आणि खरी हाडे, सापाचे मणके, मोटारीच्या नळ्या आणि प्लॅस्टिसिन ही आकार देण्याची मऊ माती घेऊन तो प्राणी त्यांनी हातांनी घडवला. त्याच्या तोंडवळ्यासाठी माणसाच्या कवटीचा आधार घेतला. डोळे मात्र काढून टाकले, कारण तो कुठे पाहतो आहे हे कळेनासे झाले की सुटकेची दिशाच उरत नाही. जबड्याची यांत्रिक हालचाल कार्लो राम्बाल्दी यांनी साधली, आणि तो पोशाख चढवला जवळजवळ सात फूट उंचीच्या बोलाजी बडेजो या नायजेरियन तरुणाने. त्या लांबलचक, सडपातळ देहामुळे आत माणूस असल्याची शंका प्रेक्षकाला येत नाही. १९७९ मध्ये चित्रपट आला आणि १९८० मध्ये दृश्य परिणामांसाठीचे ऑस्कर पाच जणांना विभागून मिळाले, त्यांत गीगर आणि राम्बाल्दी हे दोघेही होते.

या यशाने गीगर एका प्राण्याच्या नावाशी कायमचे बांधले गेले आणि त्यांचे बाकीचे काम मागे पडले, याचे वाईट वाटते. ‘ड्यून’साठी कल्पिलेल्या, पाठीच्या जागी कणा आणि बरगड्या असलेल्या खुर्च्या पुढे प्रत्यक्ष तयार झाल्या. त्यांच्या रचनेनुसार १९९२ मध्ये कूरला आणि २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच ग्रुयेर येथे उपाहारगृहे उघडली. ग्रुयेरच्या जागेत छताला मणक्यांच्या कमानी आहेत आणि गिऱ्हाईक जणू एखाद्या प्रचंड जनावराच्या छातीच्या पिंजऱ्यात बसून कॉफी पिते. समोरच्या जुन्या वाड्यात १९९८ पासून त्यांचे संग्रहालय आहे. चीजसाठी जगप्रसिद्ध असलेल्या त्या गावी आपल्याकडचे पर्यटकही जातात. त्यांनी हेही पाहून यावे. संगीताच्या क्षेत्रात ‘इमर्सन, लेक अँड पामर’ या बँडच्या १९७३ च्या अल्बमपासून ‘सेल्टिक फ्रॉस्ट’ या बँडपर्यंत कित्येकांची मुखपृष्ठे त्यांच्या चित्रांनी ओळखली जातात. गोंदणकलेत बायोमेकॅनिकल हा स्वतंत्र प्रकार रुळला आहे. नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी टीव्हीला जोडून मुले ‘कॉन्ट्रा’ हा खेळ खेळत, त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या मांसल गुहेवर याच शैलीची छाप उघड दिसते. गीगर हे नाव ऐकण्याआधीच आपल्या एका पिढीने त्यांचे जग असे पाहिलेले आहे.

त्यांच्या सर्वच कामाचा मी पुरस्कार करत नाही. स्त्रीदेहाला यंत्रात जखडून दाखवणारी कित्येक चित्रे पाहताना मी अस्वस्थ होतो. ती अस्वस्थता मला योग्य वाटते आणि त्यांवर स्त्रियांनी घेतलेले आक्षेप गंभीरपणे ऐकले पाहिजेत. उत्तरायुष्यातल्या कामात पुनरुक्तीही आहे. एका अमेरिकन बँडने १९८५ च्या अल्बमसोबत त्यांच्या एका चित्राचे पोस्टर दिले आणि त्यावरून लॉस एंजेलिसमध्ये खटला उभा राहिला. ज्युरींचे एकमत न झाल्याने १९८७ मध्ये तो बारगळला. मुलांच्या हाती ते पोस्टर पडू नये, हे पालकांचे म्हणणे मला पटते. परंतु त्यापुढे जाऊन अशी चित्रे काढणाऱ्याला मनोरुग्ण ठरवणे हा कलेच्या चर्चेतला आळस आहे. त्यांची सहचरी ली टोबलर यांनी १९७५ मध्ये आत्महत्या केली. त्या दुःखाचा हवाला देऊन सगळ्या चित्रांचा उलगडा झाल्यासारखे लिहिले जाते, तेव्हा त्याआधीच्या दहा वर्षांचे काम लेखकाने पाहिलेले नसते.

१२ मे २०१४ रोजी झुरिकमध्ये गीगर यांचे निधन झाले आणि ग्रुयेरलाच त्यांना दफन करण्यात आले. हयातीत श्रेयाच्या प्रश्नाने त्यांना फार मनस्ताप दिला. १९९७ मध्ये ‘एलियन’ चित्रपटमालिकेतला चौथा चित्रपट आला, तेव्हा पडद्यावर त्यांचाच प्राणी वावरत होता आणि श्रेयनामावलीत मूळ रचनाकार म्हणून त्यांचे नाव नव्हते. यावर त्यांनी जाहीरपणे संताप व्यक्त केला होता. मालिका अजून चालू आहे, २०२४ मध्येही तिचा नवा भाग आपल्या चित्रपटगृहांत लागला होता. पुढच्या भागाचे परीक्षण आपण छापाल, तेव्हा दिग्दर्शक आणि कलाकारांच्या नावांसोबत त्या प्राण्याच्या रचनाकाराचेही नाव द्यावे, आणि जमल्यास उपयोजित कलेच्या एखाद्या जाणकाराकडून त्यांच्या आराखड्यांवर स्वतंत्र लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
उपयोजित कलेचा एक निवृत्त शिक्षक, पुणे