पावसात रेनकोट घालून आलेल्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. श्रावणातली रात्र, तासगावातलं आमचं घर. सांगलीच्या नेत्रपेढीतून मोटरसायकलवर आलात तेव्हा रेनकोटातून पाणी निथळत होतं. आमची आत्ती जाऊन दोनच तास झाले होते.

आत्तीचं सगळं आयुष्य बेदाण्याच्या शेडवर गेलं. हिरवा, पिवळा, काळा वेगळा करायचा, काडी टिपून काढायची. ढीग समोर ओतला की बोटांच्या आधी तिची नजर पोचायची. आमच्या ताटातल्या भातातला खडासुद्धा ती लांबूनच दाखवायची, वर निवडणारीला शिव्या. तिनंच बजावून ठेवलं होतं, "मी गेल्यावर डोळे द्या. हातपाय कामातनं गेलेत, डोळे तेवढे चांगले हाईत."

पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यात साखर. हे डोळे कोण घेणार, असं आम्ही धरून चाललो होतो. फोनवर तुम्हीच समजावलंत. ऑपरेशनमध्ये बदलतात ते आतलं भिंग. तुम्हाला हवा असतो बुबुळावरचा पारदर्शक पडदा. सहा तासांच्या आत घ्यायला हवा. तोवर पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. रडणाऱ्या हातांना तेवढंच काम मिळालं. त्याचे उपकार वेगळेच.

तुम्ही आलात आणि काका दारात आडवे आले. "पुढच्या जन्मी आंधळी जन्मंल ती!" तुम्ही वाद घातला नाहीत. त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर टेकलात आणि विचारलंत, "धाकटी का थोरली?" काका बोलायला लागले. लहानपणी ते तापानं फणफणले होते, तेव्हा आत्ती त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेली होती. हे आम्हीही पहिल्यांदाच ऐकलं. वेळ चालली होती, पण तुम्ही एकदाही मनगटाकडे पाहिलं नाहीत. शेवटी काकांनीच पेन मागितलं.

आत जाताना तुम्ही हात जोडून म्हणालात, "आत्ती, येऊ का?" आमच्या तोंडून ऐकलेली हाक तुम्ही लगेच उचललीत. मला तेव्हा खरं रडू फुटलं.

जेमतेम वीस मिनिटं लागली. नंतर काका आधी तिचा चेहरा बघायला धावले, खोबणी दिसतील या धास्तीनं. पापण्या मिटलेल्या, कपाळावर तिचं ते हिरवं गोंदण, सगळं जागच्या जागी. ते तिथंच मटकन खाली बसले.

प्रमाणपत्र पोचलं. पडदे कुणाला बसवले ते सांगत नाहीत, हे बरंच आहे. नाहीतर काका पत्ता काढून भेटायला गेले असते.

त्या रात्री तुम्ही घोटभर चहाही घेतला नाहीत. यंदाच्या हंगामात आत्तीनं घरासाठी निवडलेला बेदाणा डब्यात आहे. त्यातला किलोभर तुमच्यासाठी बांधून ठेवलाय. येऊन घेऊन जा. एक काडी सापडायची नाही त्यात.

तुमची,
आत्तीची भाची