शेट म्हणू नकोस

सावंतवाडी,
22 जून 2025

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं आणि उत्तराला जूनचा शेवट उजाडला. रागावू नकोस. यंदा पावसानं आमची चेष्टाच केली. दरवर्षी मृग तोंडावर आला की आवराआवर सुरू होते, यंदा 25 मेलाच मान्सून देवगडपर्यंत येऊन ठेपला, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही नुसता कोसळत होता. खळ्यात तीस पोती काजू बी वाळत घातलेली. रात्री दोन वाजता मी, ही आणि शेजारची दोन पोरं ताडपत्रीची टोकं धरून उभे. वारा असा की ताडपत्री आम्हालाच घेऊन उडेल. त्या गडबडीत तुझ्या पत्रातलं वाक्य आठवलं, "तुला तुझं ध्येय सापडलं, तू सुटलास." मला हसूच फुटलं. हिला वाटलं ह्याचं डोकं फिरलं.

चार पोत्यांना बुरशी आली. बाकीची वाचली. आज रविवार, कारखान्याचा बॉयलर बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय. आणि एक आधीच सांगतो, शेट म्हणू नकोस. गल्ल्यावर बसणारा शेट वेगळा. मी अजून पोती उचलतो.

तू विचारलंयस की ध्येय आधी सापडलं की आधी उडी मारली. खरं सांगू? ध्येयबियं काही नव्हतं. 2015 साली कंपनीनं माझी बदली गुजरातेत केली, माझ्यामागून आलेल्याला माझ्या खुर्चीत बसवलं, आणि मला राग आला. बस, एवढंच. गावी आलो, बाबांची काजूची बाग होती, मुद्रा योजना नुकतीच निघाली होती, "तरुण" गटात दहा लाखांपर्यंत मिळत होतं. प्रकल्प अहवालात "स्थानिक महिलांना रोजगार" असं ठसक्यात लिहिलं, कारण तसं लिहायचं असतं असं सीएनं सांगितलं होतं. तू पत्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला दिलायस म्हणून आठवण करून देतो, मुंबईची मास्तरकी त्यांनीही सोडली ती बढती डावलली म्हणून. मग बेळगावात सायकलींचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही रे बाबा. पण त्या दोन वर्षांत ते रोज सकाळी काय म्हणून उठत असतील, ते मला त्यांच्या पुढच्या कारखान्यांपेक्षा जास्त जाणून घ्यावंसं वाटतं.

नोकरी सोडण्याच्या दिवसाला तू फार मोठा करतोयस. तो सोपा असतो. निरोप समारंभ होतो, शाल मिळते, सगळे म्हणतात धाडस केलंस. माझ्या धंद्यात धोका दरवर्षी एप्रिलात येतो, आणि तेव्हा शाल घेऊन कोणी येत नाही. काजू बी येते मार्च ते मे. वर्षभर कारखाना चालवायचा तर वर्षाचा माल त्या तीन महिन्यांत रोखीनं घेऊन ठेवायचा. त्यात शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या बीवरचा पाच टक्के जीएसटी उलटा आपणच भरायचा, तोही रोख. परत वळता होतो, पण नंतर. म्हणजे एप्रिल-मेमध्ये खिशात जे असेल-नसेल ते सगळं गोदामात पोत्यांच्या रूपात रचलेलं, आणि गराचा दिवाळीचा दर काय असेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. आफ्रिकेत पीक किती आलं त्यावर माझ्या घरातला गणपती कसा होणार ते ठरतं.

2018 चं वर्ष तुला फोनवर अर्धंच सांगितलं होतं. आता पूर्ण ऐक. त्या वर्षी बी भडकली होती. सगळे घेत होते, म्हणून मीही घेतली. वीस टन, सरासरी 156 रुपये किलोनं. एकतीस लाखांच्या वर पैसे, त्यातले बहुतेक बँकेच्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठी घेतलेल्या फिरत्या कर्जाचे. आता गणित बघ, तुला आवडेल. उतारा आला 25 टक्के, म्हणजे किलोभर गराला चार किलो बी. 624 रुपये नुसत्या बीचे. वाफवणं, कटिंग, बोरमा म्हणजे भट्टीतलं वाळवणं, सोलणी, ग्रेडिंग, पॅकिंग धरून आणखी 90. घरात गर पडला 714 ला. पावसाळ्यात जगभरच बाजार बसला. अख्खा गर, दुभंगलेली पाकळी, तुकडा सगळं मिळून माझी सरासरी विक्री झाली साडेसहाशेच्या आसपास. पाच टन गर. बाकीची वजाबाकी तू कर, व्याज मात्र विसरू नकोस.

त्यातच वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्यानं सहाशे किलो उचलले आणि पाच महिने पैसे दिले नाहीत. फोन केला की म्हणायचा, "शेट, पुढच्या सोमवारी." शेट ह्या शब्दाचा राग तेव्हापासून आहे. कायद्यानं लेखी करार असला तरी छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे असतात, करार नसला तर 15. हा कायदा 2006 चा. पण पैसे थकवणाऱ्याला त्याची खरी झळ बसायला लागली ती 2023-24 च्या हिशेबापासून. वेळेत पैसे दिले नाहीत तर ती खरेदी त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, आयकर वाढतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मात्र आपली हवी. तू काहीही सुरू केलंस तरी हे पहिल्या दिवशी कर, मशीन नंतर घे.

तर, 2018 चा डिसेंबर. रात्री झोप नाही. एकदा उठलो, गोदामात गेलो आणि उरलेल्या पोत्यांतली बी नुसती मोजत बसलो. का ते मलाही सांगता येणार नाही. एका पोत्यातल्या बिया किलोत दोनशेवीस भरल्या, बारीक, गावठी. दुसऱ्या पोत्यातल्या किलोत एकशेपाच. ती वेंगुर्ला-7, सुधारित जातीची. दोन्ही 156 लाच घेतलेल्या. मग कटर काढला आणि एकेक किलो कापली. चांगला गर एका बाजूला, पोचट आणि काळा दुसऱ्या बाजूला, तराजूवर ठेवला. एकीचा उतारा 24, दुसरीचा 29. पाच टक्क्यांनी काय होतं म्हणशील. गर 700 नं विकला आणि खर्च 100 वजा केला तर उरतात 600. ह्या हिशेबानं पहिल्या बीची लायकी 144 रुपये, दुसरीची 174. किलोमागे तीस रुपयांचा फरक आणि बाजारात दोन्हींना एकच सरसकट दर. व्यापारी पोत्यात हात घालतो, दोन बिया दातांनी फोडल्यासारखं करतो आणि आकडा बोलतो. गेली कित्येक वर्षं असंच चाललंय. मीही तेच केलं होतं.

आणि ते एकशेपाचवालं पोतं कोणाचं होतं माहितेय? बाबांचं. रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून त्यांनी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातली कलमं आणून लावली होती. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी नेऊन जगवली. मी तेव्हा कॉलेजात, तुझ्याबरोबर कॅन्टीनमध्ये. ती बी ते कित्येक वर्षं गावठीच्या दरानं विकत आले. शेवटच्या वर्षी गिऱ्हाईक कोण, तर मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यासमोर पुन्हा एक किलो कापून दाखवली. त्यांनी कागदावरचे आकडे दोनदा वाचले. कौतुक करतील असं वाटलं होतं. ते चिडले. "मगे इतकी वर्सां मी काय विकत होतंय?" असं म्हणून कागद खिशात घातला आणि बागेत निघून गेले. दिवसभर जेवायलाही आले नाहीत.

बंड्या, तू ज्याला ध्येय म्हणतोस ते माझ्याकडे असलंच तर त्या दिवशी आलं, आणि ते फार छोटं आहे. माझ्या काट्यावर येणाऱ्या माणसासमोर त्याची बी कापायची. पोत्याच्या वरची, मधली, तळाची मिळून एक किलो. उतारा कागदावर लिहून त्याच्या हातात द्यायचा आणि त्या आकड्याप्रमाणे पैसे. नंतर त्याला पटलं नाही तर त्यानं बी दुसऱ्याला विकावी, कागद त्याच्याकडेच राहू दे. बस. ह्याच्यावर भाषण होत नाही, बॅनर लागत नाही. पण इतक्या वर्षांत एवढ्या एका गोष्टीचा मला कंटाळा आलेला नाही.

2019 ला सुरू केलं तेव्हा लोक हसले. चांगल्या बीला बाजारापेक्षा आठ-दहा रुपये जास्त देतो म्हणून इतर कारखानदार म्हणाले, हा दोन वर्षांत बसणार. ज्यांची बी हलकी निघाली ते तर भडकलेच. माझ्या सख्ख्या मामांची निघाली 23. मामा तीन वर्षं बोलत नव्हते, लग्नात समोर आले तरी मान फिरवायचे. आता त्यांनी निम्मी झाडं छाटून नवी कलमं लावलीत, पण बी अजूनही दुसरीकडेच घालतात. घालू देत.

मग 2020. हंगाम तोंडावर आणि 25 मार्चपासून टाळेबंदी. बाहेरचे व्यापारी फिरकेनात, दर शंभराच्या खाली घसरला आणि लोकांच्या घरात बी पडून. माझी कॅश क्रेडिट 2018 च्या खड्ड्यात. वाटलं, ह्या वर्षी कुलूप लावू. तेवढ्यात वरच्या वाडीतली एक काकी डोक्यावर गोणपाट घेऊन दारात. "काजी घी." म्हटलं काकी, पैसे नाहीत. "मगे दिवाळेक दी. कागद तेवढो लिवन दी." तेवढा कागद हवा होता तिला! तशी एकोणतीस माणसं आली. चाळीस टक्के रोख, बाकी दिवाळीला, सगळं एका वहीत. त्या वर्षी बी स्वस्त पडली आणि दिवाळीत घराघरांतून सुक्यामेव्याला मागणी आली. शेवटचे पैसे तुळशीच्या लग्नाच्या दिवशी चुकते केले. 2018 ची निम्मी भोकं त्या एका वर्षात बुजली. ह्यात हुशारी माझी फारशी नाही. दर माझ्या बाजूनं पडला, उलटा पडला असता तर एकोणतीस घरांचा शिव्याशाप घेऊन बसलो असतो. वही अजून कपाटात आहे, आलास की दाखवीन.

आता तुझ्याकडे येतो. चाकणची अठरा वर्षांची नोकरी सोडून टूल ग्राइंडिंगचं, म्हणजे मशीनच्या हत्यारांना धार लावून द्यायचं युनिट टाकायचं म्हणतोस. तुझ्या पत्रात मशीनच्या किमती आहेत, भाड्याचा गाळा आहे, "पॅशन" हा शब्द मी मोजला, सात वेळा आहे. पण एक आकडा नाही. किती बुडालं तर थांबायचं? मी तो दर मार्चमध्ये गोदामाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहितो. यंदाचा नऊ लाख. बाहेर बाजार कितीही नाचला तरी त्याच्यापुढे उधारीची खरेदी नाही. घराचे कागद आणि आईचे दागिने ह्या हिशेबात कधीच धरत नाही. 2018 ला दारावर काही लिहिलेलं नव्हतं.

आणि एक वाक्य वाचून मात्र मी खरंच चिडलो. "सध्या तुझ्या वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही." लेका, माझ्या धाडसाचं सगळे कौतुक करतात, ते कशावर उभं होतं माहितेय का? हिच्या झेडपी शाळेतल्या पगारावर. 2018-19 ला घरातला किराणा, पोरीची फी, बाबांच्या गोळ्या, सगळं तिच्या पगारातून. मला व्यावसायिक म्हणून सत्काराला बोलावतात तेव्हा ती मागच्या रांगेत बसून वह्या तपासत असते. तिला न सांगता मी उडी मारली असती, तर ती उडी मी नव्हे, तिनं मारली असती, तीही डोळ्यांवर पट्टी बांधून. आज रात्री सांग. हे पत्र तिच्यासमोर वाचलंस तरी चालेल.

तू करू नकोस असं मी म्हणत नाही. तुला आठवतं, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सगळे पाचला पळायचे आणि तू घासलेल्या ड्रिलची धार दिव्यासमोर धरून बघत बसायचास? मास्तर दिवे घालवायचे तरी हलायचा नाहीस. तुझ्या पत्रात ते कुठेच नाही, नुसते फायद्याचे तक्ते आहेत. अजूनही तसा बघतोस का? मला तेवढंच कळव. चाकणात तसे घासून देणारे पुष्कळ असतील. त्यांच्याकडे एक टूल टाक, तुझ्या हातचं एक कर, दोन्ही चालवून बघ, किती जॉब निघतात ते लिहून काढ. एका रविवारचं काम आहे. राजीनामा त्याच्यानंतर.

गणपतीत येतोयस ना? 27 ऑगस्टला आहे. दोन दिवस आधी ये, तुला कटिंगच्या पाटावर बसवतो. बायका दिवसाला कितीतरी किलो गर अख्खा काढतात, तुझ्या हातून पहिल्या दिवशी सगळी पाकळीच निघणार. हाताला खोबरेल तेल लावून बस, टरफलाचं तेल कातडी जाळतं. माझी तीन बोटं अजून काळी आहेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. सोबत दोन पुड्या पाठवतोय. 240 नंबरचा अख्खा गर तुझ्या साहेबाला दे, पौंडात दोनशेवीस ते दोनशेचाळीस बसतात, दिसायला देखणा. घरात पाकळी खा. चव तीच, आणि मला दीडशे रुपये स्वस्त पडते. बुरशी आलेल्या चार पोत्यांतली नाही, घाबरू नकोस.